सर्वात छोट्या पावलांच्या चालीने

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की जुन्या शहराला लागून असलेलं डोंगरातलं जंगल ही मुलांना पहिल्यांदा चालायला न्यायची उत्तम जागा. अशा जंगलात शतकानुशतकं माणसं जात-येत आलेली असतात, त्यामुळे वाटा रुळलेल्या असतात. मधेच एखादी जुनी भिंत किंवा पाण्याचा दगडी पाट दिसतो आणि मुलांना बघायला काहीतरी सापडत राहतं. त्यावर तुमची पत्रं आली. काही आनंदाची होती, काही काळजीची, आणि एक पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. गेली अठ्ठावीस वर्षं मी कुटुंबांबरोबर अशा वाटांवर चालते आहे. त्या अनुभवातून उत्तरं देते.

*

ताई, नमस्कार. आमची मुलगी पाच वर्षांची आहे. शहरामागच्या जंगलात सात किलोमीटरची एक गोल वाट आहे, माथ्यावर जुना टेहळणी बुरूज आहे. एकूण चढ साडेतीनशे मीटर. पाटीवर ‘अडीच तास’ लिहिलं आहे. तिला झेपेल का? – एक आई

झेपेल. पण अडीच तासांत नाही, आणि पहिल्या खेपेला ही वाट नको.

आधी वेळेचं बोलते. डोंगरात किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो 1892 साली मांडला आणि थोड्याफार फरकाने तो आजही वापरला जातो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर अंतराचा एक तास चोवीस मिनिटं आणि चढाची पस्तीस मिनिटं, म्हणजे साधारण दोन तास होतात. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट मोठ्या माणसाचा आहे. बरोबर पाच वर्षांचं मूल असेल तर मी हा आकडा दुप्पट करते आणि वर एक तास थांबण्याचा धरते. म्हणजे तुमचे पाच तास झाले. पाटीवरच्या वेळेवर विसंबून दुपारी दोनला निघालात तर उतरताना अंधार गाठेल. जंगलात झाडांच्या छताखाली तो उघड्या माळापेक्षा लवकर पडतो, हेही लक्षात असू द्या.

आता गोल वाट का नको ते सांगते. गोल वाटेवर अर्ध्याच्या पुढे गेलात की परत फिरण्यात काही फायदा उरत नाही, पुढचं चालावंच लागतं. मुलगी साडेचार किलोमीटरवर ‘आता बास’ म्हणाली तर तुम्ही काय कराल? खांद्यावर घ्याल. वीस किलोचं मूल खांद्यावर घेऊन ओल्या पानांवरून उतरणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा गेलो त्याच वाटेने परत यायचं, अशी वाट निवडा. तिच्यावर कुठूनही मागे वळता येतं. बुरूज आलाच पाहिजे असंही नाही. घरून निघतानाच ठरवा, की अमुक वाजले की जिथे असू तिथून मागे. ती वेळ मुलीलाही सांगा. मी मागे वळायची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवते. माथा जवळ दिसायला लागला, की ‘आलोच की आता’ म्हणणारा एक तरी मोठा माणूस बरोबर असतोच. तेव्हा तो कागद बाहेर काढते.

चालण्याचंही थोडं बोलते. ‘मूल थकलं’ असं आपण ज्याला म्हणतो, ते निम्म्या वेळा कंटाळलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्या वेळा भुकेलेलं असतं. रुंद, सरळ, सपाट रस्त्यावर मुलं पाय ओढत चालतात. तीच मुलं मुळांवरून, दगडांवरून, ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या अरुंद वाटेवर तासभर कुरकुर करत नाहीत. माझी नात चार वर्षांची असताना एका ओढ्यापाशी थांबली. पाण्याला बांध घालायचा म्हणून एकेक खडा वेचून लावत बसली. पाणी बाजूने वाट काढायचं, ती तिथे खडा ठेवायची. हाताची बोटं गारठून लाल झाली तरी हलेना. चाळीस मिनिटं गेली. त्या दिवशी आम्ही ठरवलेल्या ठिकाणाच्या निम्म्यावरही पोचलो नाही. आज ती अकरा वर्षांची आहे आणि अजूनही त्या ओढ्याकडे जायचं म्हणते. वेळेत ही चाळीस मिनिटं आधीच धरलेली असली, की मुलाला ‘चल चल’ म्हणावं लागत नाही. खाऊ मात्र भूक लागायच्या आधी द्या, थोडा थोडा. पाणीही तसंच, दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट.

*

बाळ चौदा महिन्यांचं आहे. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेऊन तीन-चार तास चालावं म्हणतो. काय काळजी घ्यावी? – नवा बाबा

मान धरणारं, आधाराशिवाय नीट बसणारं बाळ कॅरिअरमध्ये छान बसतं. एकच गोष्ट नवे आईबाबा हमखास विसरतात. तुम्ही चढताय, तुम्हाला घाम फुटलाय, म्हणून तुम्ही बाळाचंही जाकीट काढता. बाळ मात्र चालत नाहीये. ते पाठीवर वारा खात निश्चल बसलंय. त्यातून लहान शरीराचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा जास्त, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे चारशे मीटरचा डोंगर चढलात तरी अडीच अंशांचा फरक पडला. वर वारा असतो तो वेगळाच. म्हणून बाळाला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घाला आणि अर्ध्या-पाऊण तासाने मानेच्या मागे कपड्यात हात घालून बघा. हातापायांवरून अंदाज घेऊ नका, ते बरेचदा गारच लागतात. मान उबदार हवी. घामेजलेली असेल तर थर कमी करा.

दर तासाला बाळाला खाली काढा, पाय मोकळे करू द्या. लोंबकळणाऱ्या पायांवर पट्ट्यांचा दाब पडून ते बधिर होतात आणि बाळाला ते सांगता येत नाही. आणि वाकून जाताना लक्षात ठेवा, तुमचं डोकं फांदीखालून सुटलं तरी बाळाचं डोकं तुमच्यापेक्षा उंच आहे. पहिल्या दिवशी तीन-चार तास नकोत, दीड तास पुरे.

*

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण नातवंडांबरोबर यायची फार इच्छा आहे. नेऊ का? – एक सून

न्या. त्यांची इच्छा आहे, त्यातच बरंच काही आलं. आधी एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

वाट निवडताना पायऱ्यांची टाळा. जुन्या शहरांच्या डोंगरावर बहुधा दोन तऱ्हेच्या वाटा सापडतात. एक पायऱ्यांची, सरळ वर जाणारी, जवळची. दुसरी लांबची, वळणं घेत चढणारी. ही दुसरी अनेकदा ओझी लादलेल्या जनावरांसाठी काढलेली असते, म्हणून तिचा चढ एकसारखा आणि सौम्य असतो. लांब पडली तरी गुडघ्यांना तीच बरी. त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन थोपवत असतात आणि गुडघ्यावर भार येतो. दोन्ही हातांत काठ्या द्या. काठी जमिनीवर टेकवली की कोपर काटकोनात यायला हवं, उतारावर थोडी लांब करायची. आणि शक्य असेल तर वर चालत जाऊन उतरताना वाहनाने यायची सोय बघा. लोक नेमकं उलट करतात.

*

माझा चौदा वर्षांचा मुलगा यायलाच तयार नाही. ‘नुसतं चालायचं त्यात काय’ म्हणतो. – त्याची आई

त्याला मागे चालायला लावू नका. वाट त्याच्या हातात द्या. आदल्या संध्याकाळी नकाशा समोर ठेवा, समोच्च रेषा दाखवा. रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे चढ खडा, विरळ झाल्या तिथे सपाटी. कुठून जायचं, कुठे थांबायचं, कुठे मागे वळायचं हे त्याला ठरवू द्या, आणि त्याने ठरवलेलं खरंच पाळा. फोन न्यायला मनाई करू नका. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही फोन आपली जागा दाखवतो, कारण ती उपग्रहांवरून कळते. फक्त रेंज शोधत राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून विमान मोड लावून ठेवायचा. ही तयारी त्याच्याकडे सोपवा. कागदी नकाशाही एक त्याच्याच सॅकमध्ये असू द्या.

*

मागच्या महिन्यात आम्ही तीन कुटुंबं मिळून गेलो होतो. मोठे सहा, मुलं पाच. एका फाट्यापाशी लक्षात आलं, की सात वर्षांचा मुलगा नाही. आम्हाला वाटलं तो पुढच्यांबरोबर आहे, पुढच्यांना वाटलं तो आमच्याबरोबर. वीस मिनिटांनी सापडला. तेव्हापासून जंगलात जायची हिंमत होत नाही. – त्याची आई

हेच ते पत्र. ही वीस मिनिटं मला माहीत आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच गटातली सहा वर्षांची मुलगी अशीच दिसेनाशी झाली होती. अकरा मिनिटांनी सापडली. वाटेपासून पंधरा पावलांवर एका पडलेल्या झाडामागे बसून बुटातला खडा काढत होती. आमच्या हाका तिला ऐकू येत होत्या, पण आवाज रागावलेले वाटले म्हणून ती गप्प राहिली. हे तिनेच नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मी चार गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट मोठ्यांची. सहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून निघतानाच प्रत्येक मुलाला एका माणसाच्या नावावर करा. नुसतं ‘आपण सगळे बघू’ नाही, ‘हा दुपारपर्यंत तुझा’ असं बोलून. अदलाबदल झाली तर तीही तोंडाने बोलून. सगळ्यात पुढे एक मोठा आणि सगळ्यात शेवटी एक मोठा. शेवटच्याच्या मागे कोणीही राहायचं नाही.

दुसरी, फाटा. शहराजवळच्या जंगलात माणूस हरवतो तो घनदाट झाडीमुळे नव्हे, फाट्यांमुळे. सरपणाच्या, गुरांच्या, पाण्याच्या, शेजारच्या वस्तीच्या अशा शेकडो वर्षांच्या वाटा एकमेकींना छेदत असतात आणि सगळ्या सारख्याच रुळलेल्या दिसतात. तेव्हा नियम एकच: प्रत्येक फाट्यावर सगळे एकत्र येईपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. पुढे पळणाऱ्या मुलांना हा नियम फार आवडतो, कारण पहिलं पोचून बाकीच्यांची वाट बघायला मिळते.

तिसरी, हरवल्यावर मुलाने काय करायचं. 1981 साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला. शेकडो लोकांनी शोधूनही तो जिवंत सापडला नाही. त्या दुःखातून शोधपथकातल्या माणसांनी मुलांसाठी एक शिकवण तयार केली. तिचं सार असं, की हरवलास तर एका झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. चालत राहणारं मूल शोधणाऱ्यांपासून लांब जात राहतं. एका जागी थांबलेलं मूल सापडणं कितीतरी सोपं. झाडाला हात लावून बसलं की थोडा धीरही येतो. आम्ही हे खेळ म्हणून खेळतो: ‘हरवलो’ म्हटलं की जवळचं झाड पकडायचं. आणि मुलाला शांत वेळी, घरी, हे नक्की सांगा, की हरवल्याबद्दल कोणीही तुला रागावणार नाही, हाक आली की ओ द्यायची. हे मी आता प्रत्येक मुलाला गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगते. त्या सहा वर्षांच्या मुलीने मला हे शिकवलं.

चौथी, शिट्टी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात किंवा सॅकच्या पट्ट्याला. आवाज बसतो, शिट्टी बसत नाही. डोंगरात संकटाची खूण म्हणून मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन. आल्प्समध्ये ही पद्धत 1894 पासून चालत आली आहे. लहानग्यांना मोजणं जमलं नाही तर ‘वाजवत राहा’ एवढंच पुरे. जाण्याआधी वाहनापाशी सगळ्या मुलांचा एक फोटो काढा. त्या दिवशी कोणत्या रंगाचा सदरा होता हे घाबरलेल्या आईला आठवत नाही, ते फोटोत असतं. कपडेही झाडीत उठून दिसतील असे घाला, हिरवे-तपकिरी नकोत.

आणि तुमच्या मुलाला पुन्हा न्या. छोट्या वाटेवर, दोनच कुटुंबं, पण न्या. तो परत आलाय. त्या जंगलाची त्याच्या मनातली शेवटची आठवण ती वीस मिनिटं नको.

*

गोचीड, जळवा, साप यांची भीती वाटते. थोडक्यात सांगाल का? – दोन मुलांचे बाबा

गोचीड चिकटली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश वर ओढायची. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काही नाही. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे आणि केसांत बघायचं. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा अंगावर चट्टा आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगायचं. जळू नखाने कडेने सरकवली की सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जखम थोडा वेळ वाहते, घाबरू नका, दाबून धरा. साप माणसाची चाहूल जमिनीच्या कंपनातून ओळखतो आणि सहसा निघून जातो. हात मात्र कपारीत, पालापाचोळ्यात, दगडाखाली घालायचा नाही. दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळणं पूर्ण वर्ज्य. मुलाला चालू देऊ नका, तो अवयव हलू देऊ नका आणि तडक दवाखाना गाठा.

या तिन्हींपेक्षा मी विजेला जास्त जपते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीसच्या आत ऐकू आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. माथा, उघडी धार, एकटं झाड सोडून खाली चला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका.

*

वाटेत पडकी तटबंदी लागते. मुलं तिच्यावर चढायला धावतात. चढू द्यावं का? – एक शिक्षिका

नाही. यात मी अजिबात सूट देत नाही. चुना झिजलेल्या भिंतीतला वरचा दगड बघायला पक्का दिसतो, पण कित्येकदा नुसता ठेवल्यासारखा असतो. झाडाची मुळं सांध्यात शिरून त्याला आतून सुटा करतात. मूल पडेल ही एक भीती, आणि आपल्या पिढीच्या पायाखाली ती भिंत थोडी थोडी संपेल ही दुसरी. पडक्या कमानीखाली आणि बुरुजाच्या आत मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आत शिरण्याआधी वर बघायचं. दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून लांब पळायचं आणि बंद जागा गाठायची. काटा लगेच खरवडून काढायचा.

पण नुसतं ‘नको’ म्हणून मुलांचं पोट भरत नाही, त्यांना हात लावण्यासारखं काहीतरी द्या. एका जुन्या वाटेवर खडकात दोन समांतर चर आहेत, गाड्यांच्या चाकांनी झिजवलेले. मी मुलांना तिथे बसवते आणि डोळे मिटून तळहात चरात फिरवायला सांगते. कडा खडबडीत लागते आणि तळ गुळगुळीत. एका मुलाने विचारलं, ‘हे किती गाड्यांनी केलं?’ आम्ही दिवसाला दहा गाड्या धरून शंभर वर्षांचा गुणाकार तिथेच मातीत काडीने केला. साडेतीन लाखांच्या वर आकडा गेला आणि सगळी गप्प झाली. तशीच एक खूण काही ठिकाणच्या उतारावर सापडते. झाडीत अचानक एक गोल सपाट जागा लागते आणि पानं बाजूला केली तर माती काळी निघते. पूर्वी तिथे लाकडं रचून कोळसा पाडला जायचा.

*

मी नऊ वर्षांची आहे. आमच्या पुस्तकात आहे की शेवाळ झाडाच्या उत्तरेच्या बाजूला असतं म्हणून दिशा कळते. पण मी बघितलं तर सगळीकडे होतं. पुस्तक चुकलं की मी?

तू बरोबर बघितलंस. शेवाळाला उत्तर-दक्षिण कळत नाही, त्याला ओल आणि सावली हवी असते. पृथ्वीच्या उत्तर भागात, विषुववृत्तापासून बरंच लांब, झाडाच्या उत्तर बाजूला ऊन कमी पडतं, म्हणून तिथे शेवाळ जास्त दिसू शकतं. दक्षिण गोलार्धात हेच उलटं. पण दाट जंगलात झाडाला सगळीकडूनच सावली असते, ओढ्याजवळ सगळीकडून ओल, आणि वाकलेल्या झाडावर पाणी ज्या बाजूने ओघळतं तिथे शेवाळ वाढतं. म्हणून वाट शोधायला शेवाळावर कधीच भरवसा ठेवायचा नाही.

पुढच्या वेळी असं कर. होकायंत्र घे आणि वीस झाडं निवड, दहा ओढ्याजवळची, दहा वरच्या उतारावरची. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंचं शेवाळ बघ आणि सगळ्यात जास्त कुठे आहे ते वहीत लिही. आईबाबांना सांग की याला वेळ लागेल, घाई करायची नाही. आणि झालं की तो तक्ता मला पाठव.